पैसा हातात कधी येतो, ते आधी लिहा

मे महिना म्हटला की आपल्या गोव्यात या सल्ल्याच्या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. हॉटेलांचा सीझन उतरलेला असतो, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची खरेदी चालू असते, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी अजून लांब, पण तिच्यासाठी पैसे मात्र आत्ताच लागतात. यावेळी आलेली बहुतेक पत्रं व्यवसायाचीच आहेत. मी बँकेत बावीस वर्षं कर्जाच्या टेबलावर होते आणि आता बचत गटांच्या बायकांचे हिशेब बघते. त्यामुळे प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो, की तुमचा पैसा कुठल्या महिन्यात जातो आणि कुठल्या महिन्यात येतो? पत्र पाठवताना एवढं लिहिलंत ना तर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. सहा पत्रं घेतेय, थोडी कापून, नावं न देता.

ताई, आम्ही सत्तरी तालुक्यातल्या दहा जणी मिळून भिरंडांचं, म्हणजे कोकमांचं सरबत करतो. वर्षाला ९०० बाटल्या जातात. खर्च बाटलीमागे ७८ रुपये येतो, घरून घेणाऱ्याला १४० ला देतो, दुकानाला ११० ला. आता ८ लाखांची मशिनं घ्यायचा विचार आहे, पल्पर, वाफेची कढई, बाटल्या भरायचं मशीन. सगळे म्हणतात सबसिडी आहे, घेऊन टाका. घेऊ का? — वाळपईहून एक भगिनी

सबसिडी आहे हे खरंच आहे. केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची जी पीएमएफएमई योजना २०२० साली आली तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अर्ज सध्या चालू आहेत का तेवढं आधी विचारून घ्या. पण हे अनुदान तुमच्या हातात येत नाही, ते बँकेत कर्जखात्याच्या बाजूला पडून राहतं आणि तीन वर्षं कर्ज नीट चाललं आणि युनिट चालू राहिलं तरच कर्जात वळतं करतात. आणि १० टक्के पदरचे घालायचे असतात, ते वेगळे.

आता तुमचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करूया. ७८ रुपयांत तुम्ही भिरंडं, साखर, बाटली, झाकण, लेबल धरलंय, मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं की स्वतःची मजुरी धरलेलीच नाही! १२० बाटल्या करायला दोघी जणी तीन दिवस लागतात, म्हणजे सहा रोज झाले, ५०० ने धरले तरी ३००० रुपये, बाटलीमागे २५. गॅस, फुटतूट, रिक्षाभाडं मिळून ४ रुपये तरी धरा. म्हणजे खरा खर्च १०७. दुकानाला ११० ला दिली की उरतात ३ रुपये, घरून दिली की ३३. निम्म्या इकडे निम्म्या तिकडे गेल्या असं समजलं तर बाटलीमागे सरासरी १८, आणि ९०० बाटल्यांचे वर्षाला साधारण १६ हजार. आता दुसरी बाजू बघा, ८ लाख कर्ज ११ टक्क्याने पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो महिन्याला साधारण १७ हजार ४०० रुपये. वर्षभरात जे उरतं त्यापेक्षा एका महिन्याचा हप्ता मोठा. पदरचे पैसे घातले आणि अनुदान नंतर वळतं झालं, तरी हे गणित सुटत नाही हो.

मशीन वाईट नाही, मशीन लवकर आलंय एवढंच. तुमचं दुखणं मजुरीचं नाहीच आहे, तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय ते बघा, एप्रिल-मेमध्ये हातात रोख नसते म्हणून भिरंडं कमी घेता आणि मग दिवाळीच्या आधीच माल संपतो. भिरंडं काही तुमच्यासाठी थांबत नाहीत, पाचसहा आठवडे असतात आणि पहिला मोठा पाऊस पडला की गेलं. म्हणजे तुम्हाला पैसा हवाय तो कच्च्या मालाला, तोही ऐन उन्हाळ्यात, आणि परत करायला सोपा पडेल तो चवथ ते नाताळ या दिवसांत. त्यासाठी त्याच पीएमएफएमईत बचत गटांना प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यासाठी, आणि ते कुणी सांगतच नाही कारण मशीन विकणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. तुम्ही दहाही जणी प्रक्रिया करता, गट नोंदलेला आहे, तर तालुक्याच्या गटविकास कार्यालयात जाऊन हेच विचारा. बीजभांडवल नाही जमलं तर बँक गटाच्या नावावर देते ते लिंकेजचं कर्ज, तेही नाही तर छोट्या धंद्यांसाठीचं मुद्रा योजनेचं कर्ज. मुद्रात ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, आणि तारण द्यावं लागत नाही.

दुसरं, दुकानाला ३ रुपयांवर माल देणं थांबवा किंवा दर वाढवा. तुमच्या भागातून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गाड्या जातात, पुरुमेंताच्या दिवसांत तिथे माणूस वर्षाची सोलं, आमसुलं, मिरची घ्यायलाच आलेला असतो, त्याला सरबताची बाटली दाखवावी लागत नाही, तो स्वतः विचारतो. आणि आगळ करा, म्हणजे कोकमाचा मिठातला रस. सोलकढी करणाऱ्या खानावळींना ते पाच लिटरच्या कॅनमध्ये लागतं, त्यात तुमचा काचेच्या बाटलीचा, लेबलचा खर्च वाचतो. मी एका गटाची आगळ भरतानाची खोली बघितलीय, भिंतीला लावलेल्या कॅनवर प्रत्येकीने खडूने तारीख लिहिलेली, आधी भरलेला कॅन आधी बाहेर, त्यांचा माल कधी परत आला नाही.

खाद्यपदार्थाचं रजिस्ट्रेशन असेलच, नसलं तर छोट्या उद्योगाला वर्षाला १०० रुपयांत होतं, तो १४ आकडी नंबर लेबलवर हवा, शिवाय वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, पत्ता, हिरवा ठिपका. ओल्ड गोव्याला एला इथे आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात प्रक्रियेचं प्रशिक्षण मिळतं, दोघी जणी जाऊन या. वर्षाला तीन हजार बाटल्या गेल्या की मला परत लिहा, मग मशीनचा विषय घेऊ, आणि तेव्हा अर्ज भरायला मी स्वतः बसेन तुमच्याबरोबर.

नमस्कार. मी बार्देशात मसाले आणि लोणची करतो, स्वतःचं छोटं युनिट आहे. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलला डिसेंबरपासून माल दिला, १ लाख ८५ हजार अडकले. फोन केला की अकाउंटंट म्हणतो पुढच्या आठवड्यात. आता सीझन संपला, हॉटेल पावसात बंद करणार म्हणतात. जोर केला तर पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल अशी भीती वाटते. — एक वाचक, म्हापसा

भाऊ, ही भीती मला घरातून माहीत आहे. माझी नणंद उशांचे अभ्रे आणि टेबलक्लॉथ शिवून एका हॉटेलला द्यायची. पहिल्या वर्षी पैसे वेळेवर, दुसऱ्या वर्षी थोडे उशिरा, तिसऱ्या वर्षी मॅनेजर बदलला आणि नवीन मॅनेजर म्हणाला की तुमचा माल आलाच नाही, कागद दाखवा. कागद नव्हता. ती गेटवर माल उतरवून यायची, विश्वासावर. बहात्तर हजार गेले, आणि त्यानंतर तिने शिलाई मशीन झाकून ठेवलं ते दोन वर्षं उघडलं नाही. म्हणून या पत्राला जरा सविस्तर लिहितेय.

सूक्ष्म आणि लघु उद्योगासाठी २००६ चा कायदा आहे, एमएसएमईडी. त्यात स्पष्ट म्हटलंय की लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. तुमच्या आणि त्यांच्यात 'व्याज नाही' असं काही ठरलं असलं तरी कायदा वरचढ. हा अधिकार माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसता इकडचा माल तिकडे विकणाऱ्या व्यापाऱ्याला याचा आधार मिळत नाही. तुम्ही स्वतः बनवता, म्हणजे तुम्ही बसता यात. फक्त तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याच्या आधीची आहे ना ते बघा, नंतर केलेली असली तर दावा लंगडा पडतो.

पण तक्रारीच्या आधी एक पायरी आहे आणि बऱ्याचदा काम तिथेच होतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही एक तरतूद आलीय, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत तर हॉटेलला ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षी दाखवता येते. म्हणजे तुमचे पैसे थकवून त्यांचाच कर वाढतो. मालकाला हे माहीत नसतं, अकाउंटंटला चांगलं माहीत असतं, फक्त तुम्ही उद्यमवाले आहात हे त्याच्या कागदावर नसतं. तेव्हा एक साधं पत्र लिहा, भांडणाचा सूर नको, बिलांची यादी, प्रत्येकाची तारीख, एकूण रक्कम, सोबत उद्यम सर्टिफिकेटची कॉपी, आणि 'आपल्या ऑडिटरच्या माहितीसाठी' असं लिहून ईमेल पण करा आणि हातात देऊन पोचही घ्या. पंधरा दिवस थांबा.

नाहीच आले तर थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते, तिथे आधी समझोता करून बघतात, नाही जमला तर लवाद. वेळ लागतो, कागदावर ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागू शकतात, त्यामुळे आत्ताच पावसाळ्याचा खर्च त्या पैशांवर धरू नका.

ऑर्डर जाईल का? जाऊ शकते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर जो पैसे देत नाही त्याची ऑर्डर ही ऑर्डर नसतेच, तुम्ही त्याला बिनव्याजी कर्ज देताय आणि वर मसाला फुकट. पुढच्या ऑक्टोबरला मात्र सुरुवातच वेगळी करा. प्रत्येक डिलिव्हरीला चलान, त्यावर स्टोअरकीपरची सही, शिक्का आणि तारीख, फोटो काढून लगेच व्हॉट्सॲपवर अकाउंटंटला. आधीचं बिल थकलं की पुढचा माल थांबला. आणि एकाच हॉटेलकडे तुमच्या विक्रीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. बारा महिने चालणाऱ्या खानावळी, शाळांची कॅन्टीन, फोंड्याकडच्या देवळांतली महाप्रसादाची कामं, यांच्याकडे ऑर्डर छोटी असते पण पैसा पावसातही येतो.

ताई, एकजण दुकानात आला होता, म्हणाला उद्यम करून देतो ३००० रुपये आणि मुद्रा लोन गॅरंटीने मंजूर करून देतो, त्याची प्रोसेसिंग फी १२ हजार आगाऊ. आधार, पॅन, बँक पासबुकचे फोटो घेऊन गेला. पैसे अजून दिले नाहीत. — एक वाचक, कुडचडे

देऊ नका. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे, १ जुलै २०२० ला सुरू झाली तेव्हापासून, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घालून मोबाईलवरसुद्धा होते, अर्धा तास लागतो. मुद्रासाठी सरकारने कुठलाही एजंट नेमलेला नाही, कर्ज मंजूर करते बँक, आणि आगाऊ पैसे मागणारा माणूस बँकेचा नसतो. कागद घेऊन गेलाय त्यामुळे आजच बँकेत जाऊन सांगा, ओटीपी कुणालाही देऊ नका, आणि महिन्याभराने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तुमच्या नावावर दुसरंच कर्ज उघडलं नाही ना ते कळेल. खात्यातून काही गेलंच तर लगेच १९३० ला फोन.

मॅडम, मी धारबांदोड्यात टू-व्हीलर गॅरेज चालू करून पाच महिने झाले, घरच्या पैशांनी. आता मित्र म्हणतो की पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या रोजगारनिर्मितीच्या योजनेत ३५ टक्के माफ होतात. मी ओबीसी आहे. अर्ज कुठे करू? — वय २६

वाईट वाटतं तुला हे सांगताना, पण पीएमईजीपी नवीन धंद्यालाच आहे, आधी मंजुरी मग धंदा. ग्रामीण भागात ओबीसीला ३५ टक्के अनुदान आहे हे तुझा मित्र बरोबर सांगतोय, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्पही चालतो, पण चालू असलेलं गॅरेज नवीन म्हणून दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नको. तपासणीला माणूस येतो आणि खोटं निघालं की बँकेत तुझं नाव कायमचं खराब. हे छापतेय ते मुख्यतः दुसऱ्यांसाठी, ज्यांनी अजून शटर उघडलेलं नाही त्यांनी आधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगात जाऊन यावं.

तुझ्यासाठी मुद्रा किशोर आहे, चालू धंद्याला मिळतं. पाच महिन्यांचं गॅरेज म्हणजे बँकेला दाखवायला काय आहे तुझ्याकडे? क्यूआर कोड लाव आणि शक्य तेवढे पैसे त्यावरच घे, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रोज तीनशे-पाचशेच्या नोंदी दिसल्या की कर्जाचा अधिकारी बाकी फार विचारत नाही, मी स्वतः असे अर्ज वाचलेत, ज्याचं स्टेटमेंट बोलकं त्याची फाईल पुढे जायची. रोख आली तरी संध्याकाळी खात्यात भर. सुट्या भागांची बिलं एका फाईलमध्ये. सहा महिने असं केलंस की जा बँकेत, आणि मागताना 'पाच लाख द्या' असं नको, 'कॉम्प्रेसर एवढ्याचा, लिफ्ट एवढ्याची, हे कोटेशन' असं माग. राज्याचं आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ईडीसी पणजीला आहे, तिची मुख्यमंत्री रोजगार योजना पण विचारून ये, दोन्हीकडच्या अटी समोरासमोर ठेव मग ठरव. आणि गुगलवर गॅरेजची नोंद कर, फुकट असते. दूधसागरला जाणारे बाईकवाले तुझ्याच भागातून जातात, चाक पंक्चर झालं की माणूस बोर्ड शोधत नाही, मोबाईलमध्ये बघतो.

ताई, मी फोंड्यात घरी नेवऱ्या (करंज्या), लाडू, खाजं, चकल्या करते. इन्स्टावर ६००० फॉलोअर आहेत, एका फूड पेजला व्हिडिओसाठी ९००० दिले, लाईक खूप आले पण ऑर्डर फक्त चार. काय चुकतंय? — वय ३१

तुझं पेज मी नीट बघितलं. फोटो सुंदर आहेत गं, नेवरीची मुरड तर अशी आहे की माझ्या आईने बघितली असती तर हात धरले असते तुझे. पण एकाही पोस्टवर भाव नाही, सगळीकडे 'भावासाठी मेसेज करा'. आपल्याकडची बाई मेसेज करून भाव विचारत नाही, तिला वाटतं विचारला तर घ्यावं लागेल. भाव लिही. अर्धा किलो किती, किलो किती, किती दिवस आधी सांगायचं, कुठे मिळणार.

दुसरं म्हणजे तू पोचवतेस फक्त फोंडा शहरात आणि व्हिडिओ बघितला पेडण्यातल्या, काणकोणातल्या आणि मुंबईतल्या माणसांनी. ते लाईक करून गेले, आणखी काय करणार बिचारे. तुझं गिऱ्हाईक पाच-सात किलोमीटरच्या आत आहे. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घे, त्यात कॅटलॉग करता येतो, आणि आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी घेतलं त्यांना विचारून त्यांची एक यादी कर, दोनशे नावं झाली तरी त्या सहा हजारांपेक्षा भारी. चवथीच्या पाच आठवडे आधी एक मेसेज, नेवऱ्यांची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत घेते, निम्मे पैसे आगाऊ, रोज एवढेच किलो करते. हे शेवटचं लिहायला लाजू नको, ते खरंच आहे, दोन हातांनी किती मुरडणार तू.

आणि घराबाहेर पड. तुझ्या आसपास देवळं आहेत, जत्रा आहेत, म्हार्दोळ, मंगेशी, बांदोडा, प्रत्येक जत्रेत खाजं घेतल्याशिवाय माणूस घरी जात नाही, आणि गोव्याच्या खाज्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. हे मानांकन एका कुणाचं नसतं, खरे बनवणारे स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेऊ शकतात, तेव्हा तुझ्या भागातले परंपरेने खाजं करणारे कोण आहेत त्यांना भेट, त्यांच्याबरोबर ये, त्यांच्या पोटावर नको. शेजारच्या सोसायट्या, शिक्षकांच्या खोल्या, बँकांच्या शाखा, इथे पाव किलोचा डबा चाखायला नेऊन दे, ९००० रुपयांत असे किती डबे झाले असते बघ. आणि प्रत्येक नवीन गिऱ्हाईकाला एकच प्रश्न, 'कुणाकडून कळलं?' वहीत लिही. दोन महिन्यांनी वही उघडलीस की पैसे कुठे घालायचे ते तीच सांगेल. वहीत इन्स्टाचं नाव जास्त आलं तर खुशाल इन्स्टावर घाल, माझं काही त्याच्याशी भांडण नाही.

नमस्कार, आमची चित्रशाळा तीन पिढ्यांची, तिसवाडीत. चिकणमातीच्याच मूर्ती करतो, साधारण २२०. आत्ता माती, मजूर, रंग यांना दीड लाख लागतात, पैसे येतात ते चवथीच्या आदल्या दोन दिवसांत. बँकेने टर्म लोन देऊ केलंय, हप्ता पुढच्या महिन्यापासून. गेल्या वर्षी सावकाराकडून घेतले होते, फार गेले व्याजात. काय करावं? — एक मूर्तिकार

काका, तुमच्यासारख्यांसाठी टर्म लोन म्हणजे उलटा बूट. जून, जुलैमध्ये घरात एक रुपया येत नाही तेव्हा हप्ता कुठून भरणार? मग तो हप्ता भरायला परत सावकार. टर्म लोन मशीनला असतं, रोजचा पैसा येणाऱ्याला असतं. तुम्हाला हवं कॅश क्रेडिट, म्हणजे दीड लाखांची मर्यादा बांधून घ्यायची, लागेल तसे काढायचे, जेवढे काढले तेवढ्यावरच व्याज आणि चवथीला सगळे परत भरायचे, पुढच्या वर्षी तीच मर्यादा नूतनीकरण करून वापरायची. मुद्रामध्येही असं खेळतं भांडवल मिळतं, बँकेत शब्द नेमका वापरा, 'मला टर्म लोन नको, खेळत्या भांडवलाची मर्यादा द्या, माझा धंदा हंगामी आहे'. सोबत मागच्या तीन वर्षांची बुकिंगची वही न्या. शाखेत नाहीच ऐकलं तर तुमच्या गावच्या क्रेडिट सोसायटीत जा, चवथ म्हणजे काय आणि पैसा कधी येतो हे तिथल्या संचालकांना समजावून सांगावं लागणार नाही, त्यांच्याच घरची मूर्ती तुमच्याकडे असेल.

पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार आणि मूर्तिकार दोन्ही येतात, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, पहिल्यांदा १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्क्याने, ते फेडलं की पुढे २ लाखांपर्यंत, शिवाय अवजारांसाठी १५ हजार. इतक्या कमी व्याजाने दुसरं कुणी कर्ज देणार नाही, पण त्याचेही हप्ते महिन्याचे आहेत, १८ महिन्यांचे, त्यामुळे घेतलंत तर पहिले तीन-चार हप्ते त्याच पैशातून बाजूला काढून ठेवायचे, वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. घरातल्या एकालाच मिळतं. मागच्या पाच वर्षांत मुद्रा घेतलं असेल आणि ते फिटलेलं नसेल तर अडतं, म्हणून आधी विश्वकर्मा की आधी मुद्रा ते घरात बसून ठरवा, मी तुमच्या जागी असते तर आधी विश्वकर्मा. आणि हस्तकला महामंडळाचं मातीच्या मूर्तींना मूर्तीमागे अनुदान असतं, त्याचा अर्ज दरवर्षी भरता ना? कितीतरी जुन्या चित्रशाळा भरत नाहीत, मोल्ड आणून विकणारे भरतात याचं मला फार वाईट वाटतं.

पण खरं सांगू का, निम्म्याहून जास्त भांडवल तुमच्या दारात चालत येतंय आणि तुम्ही ते परत पाठवताय. मूर्ती ठेवायला लोक आपापला पाट आणून देतात ना? तुम्ही लिहिलंय की पाट ठेवून घेता आणि पैसे 'मागीर (नंतर) बघूया'. २२० पाटांमागे पाचशे-पाचशे जरी आगाऊ घेतले तर १ लाख १० हजार झाले, बिनव्याजी, तेही ऐन गरजेच्या दिवसांत. वडिलांच्या काळी कुणी मागत नव्हतं म्हणून संकोच वाटतो तुम्हाला, मला कळतं ते, पण तेव्हा माती शेतातली होती आणि मजूर घरातले. आजचा माणूस बस बुक करताना पैसे आधी भरतो, हॉल बुक करताना भरतो, गणपतीला का नाही म्हणेल तो? ज्याची खरीच अडचण आहे त्याचा पाट तसाच ठेवा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकीच्यांना पावती द्या, आणि पाटाच्या मागे जिथे तुम्ही घराण्याचं नाव आणि मूर्तीची उंची लिहिता ना, त्याच्याच खाली जमा किती आणि बाकी किती ते दोन आकडे लिहून ठेवा, म्हणजे आदल्या दिवशी दारात गर्दी असताना वही शोधावी लागणार नाही.